पाण्याखालचे गाव नकाशावर

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमाकाठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की वर दिसते. भोवतालचा गेलेला परिसर मात्र नकाशातच शोधावा लागतो.

अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. त्यांत भीमा ही नुसती वळणे घेणारी नदी आहे. इस्रोच्या ‘भुवन’वर तोच भाग आम्ही शेजारी ठेवून पाहिला, तर तिच्या जागी विस्तीर्ण जलाशय! अक्षांश-रेखांश जुळवले की काय बुडाले ते कळू लागते.

एक पथ्य मात्र पाळू या. समासातील मजकूर आधी वाचावा. हे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या आधीच्या नकाशांवरून तयार केलेले आहेत. छपाईचे वर्ष म्हणजे मोजणीचे वर्ष नव्हे. इतिहासाला मोजणीचे वर्ष लागते.

शिवाय, कुणाचे घर कुठे होते हे कोणताच असा नकाशा सांगत नाही. ते सांगू शकणारे आजी-आजोबा आता थोडेच उरले आहेत. नकाशाची प्रत घेऊन, विद्यार्थ्यांसह, आधी त्यांच्याकडे जाऊ या.