सवतीचा टाक

टाक म्हटला की खंडोबा, भैरोबा किंवा भवानी यांची आकृती उठविलेला चांदीचा वा तांब्यापितळेचा लहानसा पत्रा डोळ्यांसमोर येतो. परंतु त्याच देव्हाऱ्यात, त्याच हळदीकुंकवाखाली, ज्यांना कोणत्याही पुराणात स्थान नाही अशी घरचीच माणसे निमूटपणे नांदत असत. लढाईत पडलेला पूर्वज ‘वीर’ होऊन तेथे बसे, आणि नाशकास धुळवडीच्या दिवशी असे वीर वाजतगाजत गोदावरीवर स्नानास नेण्याची चाल अद्याप आहे. वीरांचा हा मान चारचौघांतला; मला अधिक कुतूहल वाटते ते सवतीच्या टाकाचे.

बाळंतपणात स्त्रिया दगावण्याच्या आणि बिजवराने लगोलग दुसरा घरोबा करण्याच्या त्या काळी, कोवळ्या वयात जी मुलगी परक्या उंबरठ्याच्या आत येई, तिला चूल, पाटा, कोनाड्यातली फणी आणि कित्येकदा कडेवरचे लेकरूसुद्धा दुसरीचेच मिळे; मग अंगात कसर भरली किंवा कूस लवकर उजवली नाही, की ‘तिचीच’ बाधा असावी ही शंका, जी सासूपाशी बोलता येत नसे आणि नवऱ्यापाशी तर मुळीच नाही, तिच्या मनात घर करी. या भयावर तोडगा निघाला तो सोनाराच्या दुकानात. मृत सवतीची सोन्याची वा चांदीची प्रतिमा घडवून दुसरीने ती गळ्यात वागवावयाची. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर 1916 साली चार खंडांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पुतळीची नोंद आहे: जेवणापूर्वी अन्न आणि नेसण्यापूर्वी नवे वस्त्र आधी तिला अर्पण करावयाचे.

याला भाबडी समजूत म्हणून निकालात काढणे सोपे आहे. मला मात्र त्यात महसुली दप्तरातली कबुलायत दिसते: मिळकत माझ्या वहिवाटीत असली तरी मूळ हक्क तुझा, आणि त्याचा फाळा मी रोजच्या घासातून भरीत आहे. बिजवराच्या गळ्यात, अर्थात, काहीच नसे.

एवढी खासगी वस्तू; पण तिच्यावरचा चेहरा कोणाचा? सोनाराने मृत स्त्रीला बहुधा पाहिलेलेही नसे. टाक घडवावयाचा म्हणजे कोरीव ठशावर पातळ पत्रा ठेवून तो बेताने ठोकावयाचा, आणि असे ठसे बापाकडून मुलाकडे येत. त्यांत बाईचा म्हणून जो असेल तो साऱ्याच बायकांना चाले. नाव तेवढे गळ्यात घालणारीच्या मनात राही, आणि रोजच्या घासण्याने नाकडोळे झिजले तरी तिला ओळख पटविण्याची गरज पडत नसे. तीही अकाली गेली आणि घरात तिसरी आली, तर सोनार पेटीतून पुन्हा तोच ठसा काढी.