विषाणूचे कुळ आणि कामगाराचा हक्क



सूत एकाच नंबरचे असले तरी दोन मागांवरून कापड सारखे उतरत नाही, हे सोलापुरात कोणाला सांगावयास नको. सुताचा एक गुण असतो, मागाचा दुसरा. एच.आय.व्ही. या विषाणूबाबत हीच गोष्ट उलगडावयास शास्त्रज्ञांना पंधरा वर्षे लागली. ती उलगडल्यावर कामगाराच्या हक्काचा एक प्रश्नही उजेडात आला. या दोहोंचा इतिहास आज थोडक्यात मांडतो.

हा रोग जगाच्या नजरेस आला १९८१ साली, अमेरिकेत. विषाणू सापडला १९८३ साली, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. आपल्याकडे पुष्कळांनी तो परक्यांचा रोग मानला. हा भ्रम १९८६ साली मद्रासेस मोडला आणि तो मोडणाऱ्यांत मराठी घराण्यातली एक कन्या होती. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमविले. त्यांपैकी सहांत लागण आढळली.

पुढे १९९२ साली पुण्याजवळ भोसरीस राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या लोकांची वर्षानुवर्षे पाहणी सुरू झाली. प्रश्न असा होता की, लागण झाल्यापासून रोग बळावेपर्यंत किती काळ जातो? औषधाशिवाय सरासरी दहा वर्षे जातात. परंतु कोणी दोनतीन वर्षांतच खचतो, तर एखादा वीस वर्षे धडधाकट राहतो. असे का व्हावे?

प्रथम सुताकडे पाहू. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील एक शोध प्रसिद्ध झाला. एकाच रक्तदात्याचे रक्त घेतलेले अनेक लोक दीर्घकाळ निरोगी राहिले होते. तपासता असे दिसले की, त्या विषाणूच्या ‘नेफ’ नावाच्या जनुकाचा तुकडाच गळालेला होता. पश्चिम आफ्रिकेत सापडलेली विषाणूची दुसरी जात, एच.आय.व्ही.-२, हीदेखील संथ चालीची आहे. भारतात मुख्यत्वे पहिल्या जातीचा ‘सी’ हा पोटप्रकार आढळतो. पुण्याच्या संशोधकांनी १९९९ साली सहा विषाणूंची जवळजवळ संपूर्ण जनुकमाला प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच निखळ ‘सी’ होते, तर सहावा ‘ए’ आणि ‘सी’ यांच्या मिश्रणाचा होता. म्हणजे विषाणू आपसांत सरमिसळही करतो.

आता मागाकडे वळू. विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो, त्यांपैकी एकास ‘सीसीआर-५’ म्हणतात. काही माणसांत हे दार जन्मतःच मोडके असते. आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून मोडके दार आले तर सहसा लागणच होत नाही. एकाकडून आले तर रोग सावकाश चालतो. हे १९९६ साली कळले. उत्तर युरोपात हे दान बऱ्याच जणांस लाभले आहे. भारतात ते फारच दुर्मिळ. ‘एचएलए’ नावाच्या जनुकांचेही असेच आहे. त्यांचा ‘बी-५७’ हा प्रकार ज्याच्याकडे असतो, त्याचे शरीर विषाणूस बराच काळ आवरून धरू शकते.

यावरून निष्कर्ष काय? रक्तात विषाणू आहे एवढ्यावरून तो माणूस आज कामास लायक आहे की नाही, हे ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालय १९९७ साली निराळ्या वाटेने याच निष्कर्षास पोहोचले. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळाने एका हंगामी कामगारास केवळ लागण आहे म्हणून काम नाकारले होते. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवले आणि निकाल दिला की, जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांना मोठा धोका नाही, त्याला एवढ्या कारणास्तव काम नाकारता येणार नाही. आपल्या गिरण्यांतील बदली कामगारांनी जी अनिश्चितता भोगली, तीच त्या माणसाच्या वाट्यास आली होती.

पुढे औषधांनी कुळाच्या दानावरही मात केली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळू लागली. ती वेळेवर आणि नियमित घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतकाच जगतो. आणि तपासणीत विषाणू सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्यास लागत नाही.

२०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. नोकरीसाठी एच.आय.व्ही. चाचणीची अट घालण्यास त्याने मनाई केली. मात्र तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन साधारणतः शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेवर आहे. दहापंधरा माणसांच्या यंत्रमाग कारखान्यात तो कोठून येणार? मनाई तेथेही लागू आहे. परंतु ती बजावून घेणारा हात नाही. तो हात संघटनेने पुरविला पाहिजे.

जनुकांच्या या ज्ञानाचा एक दुरुपयोगही संभवतो. उद्या एखादा मालक रक्त तपासून ‘चांगल्या कुळाचा’ मजूर निवडू म्हणेल. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचे दुष्परिणाम या देशाने पुष्कळ भोगले आहेत. शास्त्राने आपल्याला रोगाची चाल सांगितली. माणसाची लायकी सांगण्याचा अधिकार आपण त्याला दिलेला नाही, आणि मालकालाही देता कामा नये.