खडकवासल्याचे जुने धरण

पुण्याहून आलेल्या आपल्या मंडळींत १९६१ च्या पुराची गोष्ट निघाली की नाव पानशेतचे घेतात. खडकवासल्याची आठवण क्वचितच कोणी काढतो. पण पूर ओसरल्यावर शहर पाण्यावाचून राहिले ते हे दुसरे धरण फुटल्यामुळे, म्हणून त्याची हकीकत येथे देते.

पुण्याच्या नैऋत्येस दहा-अकरा मैलांवर मुठा नदी अडवून इंग्रज सरकारने हे दगडी धरण बांधले. काम १८७९ साली पुरे झाले. भिंत सुमारे मैलभर लांब, पायापासून शंभर फुटांहून उंच. इंजिनीअर कर्नल फाईफ यांचे नाव तलावाला दिले होते, पण लोकांनी गावाचेच नाव चालू ठेवले. धरणाच्या दोन्ही अंगांनी कालवे निघाले; त्यांतून शेतीला पाणी आणि शहराला व लष्कराला प्यायला पाणी मिळू लागले.

पावसाळ्यात मात्र पुष्कळ पाणी सांडव्यावरून फुकट वाहून जाई. त्यावर विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. तलाव ठरल्या पातळीपर्यंत भरला की पाण्याच्या जोराने दरवाजे उघडत, पाणी उतरले की मिटत. माणसाने हात लावायला नको! भिंत न वाढविता साठा वाढला. पुढे ग्वाल्हेरलाही तेच दरवाजे गेले.

वरच्या अंगाला, आंबी नदीवर, पानशेतचे मातीचे धरण अजून अपुरे होते. तरी १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी भरले. पाणी सोडण्याच्या मोरीचे बांधकाम कच्चे निघाले व तिच्यावरचा भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचली, पण १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलेच. तो सगळा लोंढा खडकवासल्यावर आला. ८२ वर्षे उभी असलेली भिंत एवढ्या पाण्यासाठी बांधलेलीच नव्हती. पाणी तिच्या माथ्यावरून गेले आणि काही तासांत तीही फुटली. जुन्या धरणाला दोष देणारे भेटतात. मला ते पटत नाही.

नदीकाठच्या पेठा बुडाल्या, घरे गेली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे चिखल, मेलेली जनावरे, आणि नळाला थेंब नाही. जन्म रुग्णसेवेत गेल्यामुळे मला लोंढ्यापेक्षा या दिवसांचीच भीती अधिक वाटते. पेठांतल्या जुन्या विहिरी व पेशव्यांच्या वेळचे हौद, ज्यांकडे कोणी बघत नव्हते, ते तेव्हा उपयोगी पडले.

खडकवासल्याची फुटलेली भिंत पुन्हा बांधली, मागाहून पानशेतही उभे राहिले. आज पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तिन्ही धरणांचे पाणी आधी खडकवासल्यात उतरते व तेथून पुण्याला जाते.