माजी सैनिक म्हणजे फक्त सेनापती का?

१४ जानेवारी म्हटले की आपल्याला नामविस्तार आठवतो. याच तारखेला माजी सैनिक दिनही असतो. पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ साली या दिवशी निवृत्त झाले, म्हणून हा दिवस. त्यांचा मान त्यांना. पण आमचे पेन्शनर कुठे आहेत?

गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले, दापोलीत राहिले आणि १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. पलटणीत अक्षरओळख होई, आणि पेन्शनीमुळे गावकीपुढे हात पसरावा लागत नसे. (सुभेदार रामजींचे घर आठवा.) इंग्रजांनी महारांची भरती बंद केली ती याच मुळावर घाव घालून. १८९४ साली गोपाळबाबांनी त्याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. तोवर त्यांना जाऊन चाळीस वर्षे उलटली होती.