मत्स्यटाकी सायकलिंग

मत्स्यटाकी सायकलिंग म्हणजे नवीन मत्स्यटाकीत (फिश टँकमध्ये) मासे सोडण्यापूर्वी, विषारी अमोनियाचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजीवांची वसाहत तयार करण्याची प्रक्रिया होय. निसर्गातील नायट्रोजन चक्राचा (नत्रचक्राचा) एक भाग टाकीत सुरू करून देणे हा तिचा हेतू असल्याने तिला हे नाव पडले. या प्रक्रियेस साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. ती पूर्ण होण्यापूर्वी मासे सोडल्यास पहिल्या काही आठवड्यांतच ते मरण्याचा धोका असतो. पाण्याचा सामू (पीएच) जितका अधिक, तितका हा धोका मोठा असतो. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यासारख्या, काही भागांत खारे व क्षारयुक्त भूजल असलेल्या प्रदेशात सायकलिंगला विशेष महत्त्व आहे.

नवीन टाकीतील माशांचा मृत्यू

मासे आपल्या शरीरातील नायट्रोजनयुक्त त्याज्य पदार्थ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतात. माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि वनस्पतींची कुजलेली पाने यांपासूनही अमोनिया तयार होतो. नदीत किंवा तलावात पाण्याचा साठा मोठा असतो, तसेच तळाच्या गाळात व दगडांवर असंख्य सूक्ष्मजीव असतात. त्यामुळे तेथे अमोनिया सहसा साचत नाही. नुकत्याच भरलेल्या काचेच्या टाकीत मात्र पाणी थोडे असते आणि हे सूक्ष्मजीव जवळजवळ नसतात.

अशा टाकीतील पाणी स्वच्छ व नितळ दिसते, कारण अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मासे ठीक दिसतात. नंतर ते सुस्त होतात, खाणे सोडतात, पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेऊ लागतात आणि त्यांचे कल्ले लालसर दिसू लागतात. या अवस्थेला मत्स्यपालक ‘न्यू टँक सिंड्रोम’ म्हणतात. हा संसर्गजन्य रोग नसल्यामुळे औषधाने तो बरा होत नाही.

रासायनिक प्रक्रिया

सायकलिंगमधील रूपांतर दोन टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात नायट्रोसोमोनास व तत्सम जीवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने अमोनियाचे नायट्राइट बनवतात. नायट्राइटही विषारी असते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता नष्ट करते. त्यामुळे पाण्यात पुरेसा ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. अशा माशांचे रक्त व कल्ले तपकिरी दिसतात.

दुसऱ्या टप्प्यात नायट्रोस्पायरा व नायट्रोबॅक्टर गटांतील जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात साचेपर्यंत माशांना सहन होते. पाण्याचा काही भाग नियमितपणे बदलून किंवा टाकीत पाणवनस्पती लावून ते कमी ठेवता येते.

एक मिलिग्रॅम अमोनियापासून सुमारे २.७ मिलिग्रॅम नायट्राइट आणि अखेरीस सुमारे ३.६ मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते. हे जीवाणू अत्यंत सावकाश वाढतात. अन्न कुजवणाऱ्या सामान्य जीवाणूंची संख्या अनुकूल स्थितीत तासाभरात दुप्पट होऊ शकते, तर नायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंना त्यासाठी अनेक तास, कित्येकदा एक दिवस वा अधिक लागतो. टाकी तयार होण्यास आठवडे लागतात ते यामुळेच. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, वाळू, खडे आणि काच यांच्या पृष्ठभागावर त्यांचा पातळ थर जमतो.

इतिहास

इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकाच काचपात्रात ठेवून त्यांच्यातील परस्परसंतुलनाविषयी निबंध सादर केला. आधुनिक मत्स्यटाकीची शास्त्रीय पायाभरणी या कार्यातून झाली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. महाराष्ट्रात मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि मत्स्यालय ही कल्पना सर्वसामान्य मराठी माणसाच्या परिचयाची होण्यास त्याचा मोठा हातभार लागला.

अमोनियाचे रूपांतर सजीव घडवतात, हे १८७७ मध्ये तेओफिल श्लोसिंग आणि आशिल म्युन्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच बदल झाला नाही. नंतर बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट आढळू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. हे रूपांतर केवळ रासायनिक असते तर ते आरंभापासूनच दिसले असते आणि क्लोरोफॉर्मने थांबले नसते. नवीन टाकीत पाहावी लागणारी वाट आणि या प्रयोगातील वीस दिवस यांचे कारण एकच आहे.

पुढे वॉरिंग्टन यांच्याच नावाच्या पुत्राने रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात ही क्रिया दोन टप्प्यांत होते हे दाखवले आणि १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी संबंधित जीवाणू वेगळे केले. २००५ मध्ये अमेरिकेतील सिॲटलच्या मत्स्यालयातून अमोनियावर जगणारा आर्किया गटातील सूक्ष्मजीव मिळाला. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पूर्ण करणाऱ्या नायट्रोस्पायरा जीवाणूंचा शोध प्रसिद्ध झाला.

सामू आणि अमोनियाची विषाक्तता

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: मुक्त अमोनिया आणि अमोनिअम आयन. यांपैकी मुक्त अमोनिया अधिक घातक असतो, कारण तो कल्ल्यांच्या पटलातून सहज आत शिरतो. पाण्याचा सामू व तापमान वाढले की मुक्त अमोनियाचा वाटा वाढतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात हे प्रमाण साधारणतः पुढीलप्रमाणे असते:

सामू ७: एकूण अमोनियाच्या सुमारे ०.६ टक्के
सामू ८: सुमारे ५ टक्के
सामू ९: सुमारे ३६ टक्के

म्हणजे सामू ७ वरून ८ वर गेल्यास तेवढ्याच अमोनियातील विषारी भाग जवळपास दहापट होतो. बाजारात मिळणारे चाचणी संच सहसा एकूण अमोनिया दाखवतात. त्यामुळे एकच आकडा एका गावातील टाकीत किरकोळ, तर दुसऱ्या गावातील टाकीत प्राणघातक ठरू शकतो.

बुलढाणा जिल्ह्यातील पाणी

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग मानले जातात. पाण्याच्या दृष्टीनेही ही विभागणी उपयोगी आहे.

घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर आदी तालुके बेसॉल्टच्या पठारावर आहेत. येथील विहिरी व कूपनलिकांचे पाणी सहसा दुष्फेन (जड) असते. त्यातील बायकार्बोनेटमुळे सामू स्थिर राहतो आणि सायकलिंगला मदत होते. बुलढाणा शहराला पैनगंगा नदीवरील येळगाव धरणातून पाणीपुरवठा होतो. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असते व ते उपयुक्त जीवाणूंनाही मारते. म्हणून असे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवतात, शक्यतो त्यात हवेचा पंप सोडतात किंवा सोडिअम थायोसल्फेटयुक्त द्रावण वापरतात.

घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूजलात सोडिअमचे क्षार अधिक असतात. असे पाणी टाकीत भरण्यापूर्वी त्याचा सामू आणि क्षारता मोजणे आवश्यक असते. त्याला पर्याय म्हणून अनेक जण आरओ यंत्राचे किंवा जारचे पाणी वापरतात. पण केवळ असे पाणी वापरल्यास उलट अडचण येते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या रूपांतरासाठी कॅल्शिअम कार्बोनेटच्या मापात सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता खर्च होते. आरओच्या पाण्यात ती नगण्य असल्याने सामू घसरतो आणि सायकलिंग मध्येच थांबते. म्हणून दोन्ही प्रकारचे पाणी योग्य प्रमाणात मिसळणे किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात थोडे विहिरीचे पाणी घालणे सोयीचे ठरते.

याच जिल्ह्यातील लोणार सरोवर हे अत्यंत क्षारीय पाण्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचा सामू १० च्या आसपास नोंदवला गेला आहे. या पाण्यात विशिष्ट सूक्ष्मजीव विपुल वाढतात. जून २०२० मध्ये सरोवराला आलेला गुलाबी रंग अशाच क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे होता. गोड्या पाण्यातील नेहमीच्या शोभिवंत माशांना मात्र असे पाणी सोसत नाही. सरोवराचे पाणी, गाळ वा दगड घरच्या टाकीत वापरणे अयोग्य आहे. शिवाय हे क्षेत्र संरक्षित आहे.

सायकलिंगच्या पद्धती

माशांविना सायकलिंग: ही सर्वांत सुरक्षित पद्धत मानली जाते. टाकीत धुतलेली वाळू व पाणी घालून फिल्टर आणि हवेचा पंप अखंड चालू ठेवतात. त्यानंतर बाहेरून अमोनिया पुरवतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा वगळता सुमारे ५० लिटर पाणी मावते. त्यात ०.३ ग्रॅम शुद्ध अमोनिअम क्लोराइड विरघळवल्यास अमोनियाचे प्रमाण लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होते. भांड्यांच्या कल्हईसाठी मिळणारा नवसागर रासायनिकदृष्ट्या हाच पदार्थ असला तरी त्याच्या शुद्धतेची खात्री नसल्याने तो टाळावा. अमोनिअम क्लोराइड उपलब्ध नसल्यास रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून ते कुजू देतात. मात्र यात अमोनियाचे प्रमाण नेमके राखता येत नाही. अमोनिया फार वाढल्यास जीवाणूंचीच वाढ खुंटते, म्हणून लिटरमागे ५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये.

जुन्या टाकीतील माध्यम वापरणे: दुधाला विरजण लावावे तसा, निरोगी व जुन्या टाकीतील फिल्टरचा स्पंज किंवा मूठभर वाळू नव्या टाकीत ठेवल्यास कालावधी बराच कमी होतो. हे माध्यम ओलेच आणावे लागते. रोगट टाकीतून ते घेऊ नये.

माशांसह सायकलिंग: यात गप्पी किंवा झेब्रा डॅनिओ यांसारखे एक-दोन काटक मासे सोडून त्यांच्याच अमोनियावर जीवाणू वाढवतात. हिवताप निर्मूलनासाठी साठवणीच्या पाण्यात सोडले जाणारे गप्पी मासे ग्रामीण महाराष्ट्रात सुपरिचित आहेत. ते काटक असले तरी या पद्धतीत त्यांना त्रास होतोच. मासे आधीच आणले गेले असतील तर खाद्य अगदी कमी देणे, रोज चाचणी घेणे आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसताच पाव ते अर्धे पाणी बदलणे हाच उपाय असतो. नायट्राइट वाढल्यास साधे मीठ अल्प प्रमाणात घालतात, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शिरण्यास अटकाव करते.

प्रगती व पूर्णतेची कसोटी

पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया टिकून राहतो. नंतर तो घटू लागतो आणि नायट्राइट वाढते. नायट्राइटचा हा टप्पा बहुधा सर्वांत लांबतो. शेवटी नायट्राइट उतरते आणि नायट्रेट वाढते. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया दिल्यानंतर चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येत असतील, तर टाकी तयार झाली असे समजतात. दिवस मोजून नव्हे, तर या चाचणीवरूनच निर्णय घ्यावा.

त्यानंतर निम्म्याहून अधिक पाणी बदलून नायट्रेट कमी करतात आणि मासे टप्प्याटप्प्याने सोडतात. सायकलिंग पूर्ण झाल्यावर टाकी बरेच दिवस रिकामी ठेवल्यास अमोनियाअभावी जीवाणू घटतात.

उन्हाळा आणि वीजपुरवठा

नायट्रीकरणासाठी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते. घाटाखाली उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. पाणी तापले की त्यात विरघळणारा ऑक्सिजन कमी होतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम असलेले त्याचे कमाल प्रमाण ३५ अंशांना सुमारे ७ वर येते. मासे आणि जीवाणू दोघांनाही त्याची गरज असल्याने वीज गेल्यास दोघांवरही संकट येते. बंद डब्यासारख्या फिल्टरमधील ऑक्सिजन काही तासांतच संपू शकतो. म्हणून भारनियमनाच्या काळात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप उपयोगी पडतो.

गैरसमज

पाणी नितळ म्हणजे सुरक्षित, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. उलट, सुरुवातीला पाणी दुधाळ होणे ही अन्य जीवाणूंच्या वाढीमुळे येणारी तात्पुरती अवस्था असते. ते पाहून सगळे पाणी फेकण्याचे कारण नसते.

दर महिन्याला टाकी रिकामी करून वाळू व स्पंज नळाखाली घासून धुण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. यामुळे जीवाणूंची वसाहत नष्ट होऊन टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळावा आणि एका वेळी पाव भागच पाणी बदलावे. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने, त्यात मीठ किंवा औषध घातलेले नसेल तर, ते कुंडीतील झाडांना घालता येते. पाणीटंचाईच्या भागात हा दुहेरी लाभ ठरतो.

टाकीतील मासा मेला म्हणजे त्याने घरावरील संकट आपल्या अंगावर घेतले, अशीही समजूत प्रचलित आहे. तिच्यामुळे मृत्यूचे खरे कारण शोधले जात नाही आणि त्याच पाण्यात नवे मासे सोडले जातात. नवीन टाकीत एकापाठोपाठ मासे मरत असतील, तर प्रथम पाण्यातील अमोनिया व नायट्राइट तपासणे आवश्यक असते.