ध्वनिमुद्रिकेची मागील बाजू : डब संगीताचा उगम व मौखिक परंपरा

जळगाव-धुळ्याकडील जात्यावरच्या ओवीत चाल सामाईक असते, शब्द मात्र जिचे तिचे. आईकडून आलेल्या चालीत दळणारी स्त्री आपले माहेर व आपले दुःख घालते. त्यामुळे मूळ पाठ कोणता, हा प्रश्नच तेथे गैरलागू होतो. ध्वनिमुद्रण या व्यवस्थेस मारक ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. त्यास सर्वांत ठळक अपवाद जमैका बेटावर आढळतो.

तेथील नृत्यसभांत मोठमोठे ध्वनिवर्धक घेऊन फिरणाऱ्या 'साउंड सिस्टिम'चालकांत चुरस असे. नव्या गाण्याची फितीवरून मऊ तबकडीवर उतरविलेली खास नक्कल, म्हणजे 'डब प्लेट', हे त्यांचे भांडवल. 'डब' या संज्ञेचा मूळ अर्थ एवढाच : नक्कल उतरविणे. १९६८ च्या सुमारास ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आइल ध्वनिमुद्रणगृहात रडी रेडवुड या चालकासाठी 'पॅरागॉन्स' या वृंदाच्या गीताची तबकडी कापताना गायकांचा आवाज घालावयाचा राहून गेला. ती तशीच वाजविली गेली आणि रिकाम्या जागी श्रोत्यांनीच गीत म्हटले, अशी हकीकत सांगतात. तीत दंतकथेचा अंश धरला, तरी पुढील दोनतीन वर्षांत तबकडीच्या मागील बाजूवर आवाजाविना 'व्हर्जन' देण्याचा प्रघात रूढ झाला, हे निश्चित. यामागे कलादृष्टीपेक्षा काटकसर अधिक होती : वादकांना एकदाच मोबदला देऊन तीच साथ पुनःपुन्हा विकता येई. वादकांच्या पदरी त्यातून काही पडले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या काटकसरीतून कला निर्माण केली ती किंग टबी ऊर्फ ऑस्बोर्न रडॉक (१९४१–१९८९) यांनी. विद्युत्-यंत्रांची दुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय. किंग्स्टनमधील वॉटरहाउस वस्तीत, राहत्या घरी, चार मार्गिकांच्या मिश्रणयंत्रावर ते गाणे उकलीत. आवाज काढून टाकावा, ढोल व बास पुढे आणावे, मध्येच गायकाचा एखादा शब्द सोडून तो प्रतिध्वनीत विरू द्यावा, अशी त्यांची रीत. वाक्यापासून तुटलेला तो शब्द अर्थाहून नाद म्हणूनच अधिक जाणवतो. भाषाभ्यासकाने हे मुद्दाम ऐकावे. त्यांच्याच साउंड सिस्टिमवर बोलणारे यू-रॉय यांनी १९७० मध्ये जुन्या साथीवर आपले शब्द ध्वनिमुद्रित केले; १९७३ पासून डबच्या स्वतंत्र दीर्घ तबकड्या निघू लागल्या. त्याच वर्षी, किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या कूल हर्क यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जी सभा भरविली, तिच्यापासून हिप-हॉपचा आरंभ मानतात. लंडनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांनी १९९३ मध्ये स्थापिलेल्या वृंदाने 'एशियन डब फाउंडेशन' असे नावच घेतले.

खानदेशात प्रवास उलट दिशेने झाला. जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. लेवा बोलीतील त्यांच्या ओव्या घरातील मुलांनी टिपून ठेविल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या ग्रंथरूप झाल्या. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवार यांच्या चालीत, सुमन कल्याणपूर यांच्या कंठातून, त्यांतील 'संसार' घरोघर पोहोचला. ग्रंथाने शब्द राखले, ही गोष्ट मोलाची. परंतु तबकडीने चालही बांधून टाकली, आणि आज बहुतेकांच्या कानी तीच एक चाल आहे. आपल्याकडील चित्रपटगीतांच्या तबकडीस मागील बाजू होती, पण तिच्यावर दुसरे गीत असे. अहिराणी व लेवा ओव्यांचे संग्राहकही बहुधा एका चालीची एकच उत्तम गाणारी निवडतात. त्याच चालीत शेजारणींनी घातलेले शब्द त्याच बैठकीत मुद्रित करावयास वेगळे यंत्र लागत नाही.