निळा पडदा आणि हलता हात

परवां माझ्या भाचीनें गच्चीवर हिरवें कापड टांगून आपलें नृत्य चित्रित केलें. मागाहून संगणकावर कापडाच्या जागीं देवळाचा सभामंडप बसवावयाचा, असा बेत होता. ती स्थिर उभी होती तोंवर सारें छान जुळलें. परंतु तिनें हात फिरवितांच बोटें मधूनच नाहींशीं झालीं, आणि जीं उरलीं त्यांच्याभोंवतीं हिरवट कड दिसूं लागली. "मामा, संगणक बिघडला कीं काय?" असें तिनें विचारलें. संगणक बिघडला नव्हता. हें दुखणें संगणकाहून पुष्कळ जुनें आहे, आणि त्याचीच हकीकत आज मी सांगणार आहें.

कॅमेरा सेकंदाला २५ चित्रें घेत असेल, तर प्रत्येक चित्रावर सामान्यतः सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता प्रकाश पडतो. सेकंदाला २ मीटर वेगानें फिरणारा हात तेवढ्या अवधींत ४ सेंटिमीटर सरकतो. त्या पट्ट्यांत हातहि उमटतो आणि मागचें कापडहि उमटतें. मग तो पट्टा कोणाचा? दोघांचाहि! काढावा तर बोटें जातात, ठेवावा तर हिरवी कड राहते.

फ्रँक विल्यम्स यांनीं १९१८ सालीं अमेरिकेंत हलत्या झांकणाच्या पद्धतीचें पेटंट मिळविलें. नटाच्या चित्रावरून त्याची काळी छाया तयार करावयाची, आणि नवी पार्श्वभूमि छापतांना ती झांकण म्हणून वापरावयाची, ही त्यांतील युक्ति. पुढें १९४० सालीं 'द थीफ ऑफ बगदाद' हा रंगीत बोलपट निघाला. त्यांतील अबू म्हणजे म्हैसूर संस्थानांतील कारापूरचा आपला साबू. लॅरी बटलर यांनीं त्यासाठीं निळा पडदा वापरला, कारण मानवी कातडीच्या रंगापासून निळा रंग फार दूरचा, आणि टेक्निकलरच्या कॅमेऱ्यांत निळ्या रंगाची फिल्म मुळांतच वेगळी निघत असे. बोलपटाला विशेष दृश्यांबद्दल ऑस्कर मिळालें. तथापि बारकाईनें पाहणाऱ्यास आकृतींभोंवतीं निळी रेघ दिसते. केस, धूर आणि वेगानें हलणारे अवयव हे त्या पद्धतीचे हाडवैरी होते.

खरा तोड काढला पेट्रो व्लाहोस यांनीं, १९५९ च्या 'बेन-हर' च्या वेळीं. कातडी, लांकूड, दगड यांत निळा रंग हिरव्याहून अधिक असा क्वचितच असतो. तेव्हां निळा हिरव्यापेक्षां किती अधिक, एवढेंच मोजावयाचें. पूर्ण अधिक असेल तेथें पडदा. मुळींच नसेल तेथें नट. निम्मा असेल तेथें निम्मी पारदर्शकता. शिवाय तो जादा निळा हिरव्याइतका खालीं आणला, कीं कडहि निघून जाते. 'हें कीं तें' या प्रश्नाऐवजीं 'किती' हा प्रश्न त्यांनीं विचारला, आणि मला तर सारी मौज त्यांतच वाटते.

१९६४ च्या 'मेरी पॉपिन्स' मध्यें पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश टाकला होता. कॅमेऱ्यांतील लोलक तो प्रकाश वेगळा काढी. नट एका फिल्मवर आणि झांकण दुसरीवर, एकाच क्षणीं उमटे. नाचणाऱ्या पायाचा अस्पष्टपणा दोन्ही फिल्मांवर सारखाच आल्यामुळें कज्जाच उरला नाहीं.

संगणकाच्या युगांत पडदा बहुधा हिरवा झाला, कारण कॅमेऱ्याच्या संवेदकांत सामान्यतः निम्मे बिंदु हिरव्याचे असतात. परंतु घरगुती कॅमेरा जागा वांचविण्यासाठीं चार बिंदूंमिळून रंगाची एकच नोंद ठेवतो. उजेडाची कड रेखीव आणि रंगाची कड भोंगळ, अशा स्थितींत तो ४ सेंटिमीटरांचा पट्टा सोडविणें अधिकच कठीण.

आम्हीं कापड सगळीकडे सारखें उजळलें आणि भाचीला त्यापासून दूर उभें केलें. प्रकाशाचा अवधि निम्मा करून पाहिला. पट्टा २ सेंटिमीटरांवर आला खरा, पण नाच धक्क्याधक्क्यानें चालल्यासारखा दिसूं लागला. अखेर अवधि पूर्ववत् ठेवून संगणकांतील सीमारेषा एकदम न तोडतां हळूहळू विरत नेली. बोटें परत आलीं. एका गिरकीला ओढणीचें टोंक मात्र अजून नाहींसें होतें. तेथें तिनें सभामंडपाचा एक खांब आणून उभा केला आहे.